ऑल-इन-वन संगणक घेताय? आधी काम पाहा, मग कोअर मोजा!

वाडी : अमरावती मार्गावरील वाडी म्हणजे गोदामे आणि ट्रान्सपोर्ट कार्यालयांचा परिसर. बिल्टी, ई-वे बिल, जीएसटीचा हिशेब अशा कामांसाठी छोट्या कार्यालयात ऑल-इन-वन संगणक सोयीचा पडतो. स्क्रीनमध्येच सगळे असल्याने जागा वाचते. मात्र, घेताना प्रश्न पडतो, सहा कोअरचा घ्यावा की दहा? जास्तीचे पैसे वसूल होतात का?

कोअर वाढले की वेग वाढतो?

कोअर म्हणजे प्रोसेसरमधील काम करणारे हात. ट्रक भरायला चारऐवजी आठ हमाल लावले तर माल लवकर चढतो; पण बिल्टी एकालाच लिहावी लागते. संगणकाचेही तसेच. समजा, दहा मिनिटांच्या कामापैकी निम्मेच वाटून देता येते. चार कोअरवर ते सव्वासहा मिनिटांत होईल, आठ कोअरवर सुमारे ५ मिनिटे ३८ सेकंदांत. कोअर दुप्पट झाले, वाचले फक्त ३७ सेकंद! संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम हेच सांगतो.

सगळे कोअर सारखे नसतात

अनेक ऑल-इन-वनमध्ये लॅपटॉपचाच प्रोसेसर असतो. इंटेलच्या आय३-१३१५यू मध्ये ६ कोअर आहेत, आय५-१३३५यू मध्ये १०. पण दोन्हींत वेगवान कोअर दोनच. बाकीचे वीज वाचवणारे. आय३-एन३०५ मध्ये तर ८ कोअर असूनही वेगवान एकही नाही. त्यामुळे बिलिंगसारख्या कामात सहा कोअरचा संगणक आठ कोअरच्या पुढे जाऊ शकतो.

उन्हाळ्याचे काय?

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. स्क्रीनमागच्या अरुंद जागेत छोटा पंखा असतो. त्यात ट्रकच्या वर्दळीची धूळ जाळीत बसली की उष्णता बाहेर पडत नाही आणि प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. अशा वेळी जास्त कोअरचा पुरेपूर फायदा मिळत नाही.

मग फायदा कोणाला?

व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी डिझाइन, एकाच वेळी शेकडो फोटोंवर प्रक्रिया करणाऱ्यांना जास्त कोअरचा फरक जाणवतो. हिशेब, ब्राउझर आणि ऑनलाइन वर्गासाठी तोच पैसा इतरत्र लावणे शहाणपणाचे.

घेण्यापूर्वी हे तपासा

• प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक विचारा; नुसते ‘आय५’ पुरेसे नाही.
• हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्या.
• रॅम शक्यतो १६ जीबी. ती पुढे वाढवता येते का, हे विचारा.
• अनेक मॉडेलमध्ये प्रोसेसर बोर्डवरच पक्का बसवलेला असतो, नंतर बदलता येत नाही.
• जुना संगणक असेल तर काम सुरू असताना टास्क मॅनेजर उघडा. रॅम भरलेली आणि प्रोसेसर निवांत दिसला, तर कमतरता कोअरची नाही.