थोड्या जागेंत अधिक भार

बाजारांत आतां विजेचे काटे सर्वत्र दिसूं लागले आहेत; तरीही जालन्याच्या मोंढ्यांत किंवा आठवड्याच्या बाजारांत ओतीव लोखंडाचें जुनें वजन अजून दृष्टीस पडतें. तें नीट न्याहाळून पाहिलें असतां त्याच्या अंगांत एक लहानशी खांच आढळते. ही खांच शिशानें बुजविलेली असते व त्या शिशावर वजनमापें तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचा शिक्का असतो. लोखंडाच्या वजनांत शिसें कशाला, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो.

सांच्यांतून निघालेलें ओतीव लोखंड ठरलेल्या भाराचें अचूक उतरत नाहीं. म्हणून तें मुद्दाम किंचित् हलकें ओततात आणि उणीव शिशानें भरून काढतात. येथें शिशाचे दोन गुण उपयोगी पडतात. लहान खांचेंतही तें पुरेसा भार देतें. आणि तें मऊ असल्यामुळें त्यावर शिक्का स्पष्ट उमटतो. कोणीं त्यांतील शिसें कोरून काढलें, तर शिक्काही मोडतो आणि लबाडी उघडी पडते. १९५६ च्या कायद्यानें शेर, छटाक व तोळा जाऊन किलोग्रॅम व ग्रॅम आले. परंतु गिऱ्हाइकाचा विश्वास मात्र त्या शिशाच्या ठिपक्यावरच टिकून राहिला.

थोड्या जागेंत अधिक भार बसविण्याची गरज मोंढ्यापुरतीच नाहीं. गवंड्याचा ओळंबा, कोळ्याच्या जाळ्याची कड, मोटारीच्या चाकाचा तोल, शाळेंतील लंबकाचा गोळा, वाऱ्यानें उडणाऱ्या पडद्याची खालची पट्टी, या सर्वांना तीच गरज असते. अशा वेळीं कोणता धातु घ्यावा व तो थोडक्यांत कोठें मिळावा, हा व्यवहाराचा प्रश्न आहे.

प्रथम घनता म्हणजे काय तें पाहूं. एक घन सेंटिमीटर पाण्याचें वजन एक ग्रॅम भरतें. तेवढ्याच जागेंत ओतीव लोखंड सुमारें ७.२ ग्रॅम, पोलाद ७.९, पितळ ८.५, तांबें ९, चांदी १०.५, शिसें ११.३, पारा १३.५ आणि टंगस्टन व सोनें प्रत्येकीं १९.३ ग्रॅम भरतें. सर्वांत जड ऑस्मियम, तो २२.६ ग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे एक किलो पोलादाला सुमारें १२७ घन सेंटिमीटर जागा लागते, शिशाला ८८ आणि टंगस्टनला केवळ ५२. सोनें तिजोरीबाहेर वापरण्याजोगें नाहीं. पारा द्रवरूप व विषारी आहे. तेव्हां निवड खरोखर पोलाद, पितळ, शिसें व टंगस्टन यांतच करावयाची असते.

पोलादाच्या बाबतींत जालना भाग्यवान् आहे. येथील भट्ट्यांत मोडीचें लोखंड वितळून इमारतीच्या सळ्या तयार होतात व त्या दूरदूर जातात. परंतु जेथें माल टनांनीं मोजला जातो, तेथें पावशेर माल मागणारा मनुष्य अडचणीचा वाटतो. लहान गिऱ्हाइकानें त्यामुळें कारखान्यापाशीं न जातां लेथ चालविणाऱ्या कारागिराकडे जावें. कापून उरलेले पोलादाचे व पितळेचे गोल तुकडे त्याच्याजवळ पडलेले असतात आणि हव्या त्या मापाला तो ते कांतूनही देतो. जागा पुरत असेल, तर याहून स्वस्त व निर्धोक उपाय दुसरा नाहीं.

जागा पुरत नसेल, तर शिसें. मासेमारीच्या सामानाच्या दुकानांत तें लहान गोळ्यांच्या रूपानें मिळतें. छऱ्याच्या बंदुकीचे छरे तर सुमारें अर्ध्या अर्ध्या ग्रॅमचे असतात. त्यामुळें भार मोजून मापून वाढवितां येतो. टायरच्या दुकानांत चाकावरून काढलेले तोलाचे तुकडेही मिळतात, मात्र ते सगळेच शिशाचे नसतात. युरोपांत २००५ पासून मोटारींच्या चाकांसाठीं शिशाचे तुकडे बंद झाले आणि जस्ताचे व लोखंडाचे तुकडे प्रचारांत आले. लोहचुंबकाला चिकटेल तें लोखंड. नखाचा ओरखडा सहज उठेल व कागदावर करडी रेघ ओढील तें शिसें. जस्त यांपैकीं कांहींच करीत नाहीं.

जुन्या विजेच्या बॅटरींत पुष्कळ शिसें असतें हें खरें. पण ती घरीं फोडूं नये. आंतील आम्ल व शिशाची भुकटी दोन्ही घातक आहेत, आणि जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत करावी अशी नियमानेंच व्यवस्था आहे. शिसें ३२७ अंशांवर वितळतें, म्हणून तें चुलीवर वितळविण्याचा मोह होतो. हा मोह सर्वस्वीं टाळावा. शिशाची धूळ व वाफ पोटांत गेल्यास मुलांच्या बुद्धीच्या वाढीला कायमची इजा पोहोंचते. ज्याखालीं अपाय होतच नाहीं अशी मर्यादाच ज्ञात नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिशाचा तुकडा रंगानें वा घट्ट वेष्टनानें झांकावा, हात धुवावे, आणि मुलांच्या खेळण्यांत तो कधींही घालूं नये.

टंगस्टन या दोषापासून बराच मुक्त आहे. पण तो महाग आणि हट्टी. तो वितळावयास ३४२२ अंश उष्णता लागते, म्हणून त्याची भुकटी दाबून व तापवून वस्तु घडवितात. नागपूर जिल्ह्यांत कुही-खोबना पट्ट्यांत त्याचीं खनिजें आढळलीं आहेत. जालन्यासारख्या गांवीं तो दोन वाटांनीं मिळतो. एक वाट वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानाची. टिग वेल्डिंगच्या २.४ मिलिमीटर जाडीच्या व १५० मिलिमीटर लांबीच्या एका कांडीचा भार सुमारें १३ ग्रॅम भरतो. हिरव्या टोकाची कांडी शुद्ध टंगस्टनची असते. लाल टोकाच्या कांडींत किरणोत्सर्गी थोरियम असतें, ती घेऊं नये. दुसरी वाट बोअरवेलची. २०१२-१३ सारख्या दुष्काळांत ज्या काळ्या कातळाला यंत्रांनीं छिद्रें पाडलीं, त्या यंत्रांच्या फाळावर टंगस्टन कार्बाइडचीं बोंडें बसविलेलीं असतात. झिजलेला फाळ मोडींत निघाला, म्हणजे तीं बोंडें सुटीं मिळूं शकतात. त्यांची घनता १४ ते १५ भरते, म्हणजे शिशाहून बरीच अधिक.

घेतलेला धातु तोच आहे कीं नाहीं, हें ताडून पाहाणें अवघड नाहीं. प्रथम तुकडा कोरडा तोलावा. नंतर सोनाराच्या लहान काट्यावर पाण्याचा पेला ठेवून कांटा शून्यावर आणावा आणि तुकडा दोऱ्यानें बांधून पाण्यांत पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाहीं असा धरावा. कांट्यावर जितके ग्रॅम वाढतील, तितके घन सेंटिमीटर त्या तुकड्याचें आकारमान. कोरड्या वजनाला त्यानें भागावें. ११३ ग्रॅमच्या तुकड्यानें १० ग्रॅम वाढ दाखविली, तर तें शिसें.

मात्र याच कसोटीला एक मर्यादा आहे, आणि ती प्रत्येक कुटुंबानें ध्यानांत ठेवावी. सोनें व टंगस्टन यांची घनता जवळजवळ सारखी असल्यामुळें, पोटांत टंगस्टन दडवून वर सोन्याचा जाड थर दिलेली लगड पाण्याच्या कसोटीला उतरते. अशीं फसवणुकीचीं उदाहरणें परदेशांत उघडकीस आलीं आहेत. म्हणून सोन्याची पारख केवळ भारावर न सोंपवितां शासनमान्य हॉलमार्क पाहून व पावती घेऊन करावी. इतर कामांसाठीं क्रम सोपा आहे: जागा असेल तर पोलाद किंवा पितळ, जागा नसेल तर झांकलेलें शिसें, आणि जेथें मुलांचा हात पोहोंचतो व जागाही नाहीं, तेथें खर्च सोसून टंगस्टन.