शर्यतीच्या मोटारीच्या फेरीचें गणित

भोरहून महाडकडे जाणारा वरंध घाटाचा रस्ता, किंवा वेल्ह्याहून पानशेतच्या बाजूस उतरणारा पाबे घाट ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस वळण म्हणजे काय हें सांगावयास नको. सरळ रस्त्यावर भरधांव येणारी गाडी वळणापाशीं मंद होते, वळण घेते आणि पुन्हां वेग धरते. शर्यतीची मोटार आपल्या मार्गावर हेंच करीत असते. फरक इतकाच कीं, तेथें सेकंदाच्या हजाराव्या भागाचाहि हिशेब ठेवितात. आतां प्रश्न असा कीं, अमुक मोटार अमुक मार्गाची एक फेरी किती वेळांत पुरी करील, हें मोटार प्रत्यक्ष न हांकतां सांगतां येईल काय? हल्लीं संगणकाच्या साह्यानें हें सांगतां येतें. परंतु संगणक जें करितो तें मुळांत शाळेंतल्याच गणितावर उभारलेलें आहे. तें येथें समजावून घेऊं.

प्रथम वळणाचा विचार करूं. गाडी वळते ती टायर व रस्ता यांमधील घर्षणाच्या बळावर. या पकडीस मर्यादा आहे. वेगाच्या वर्गास वळणाच्या त्रिज्येनें भागिलें असतां वळण्यासाठीं लागणारा प्रवेग निघतो, आणि पकड जितका प्रवेग देऊं शकते त्याहून तो अधिक झाला म्हणजे गाडी वळणाबाहेर फेंकली जाते. हिशेब सोपा व्हावा म्हणून कोरड्या रस्त्यावरील पकडीचा प्रवेग सेकंदास सेकंदास 10 मीटर धरूं. वळणाची त्रिज्या 40 मीटर असेल, तर 10 गुणिलें 40 म्हणजे 400. त्याचें वर्गमूळ 20. म्हणजे सेकंदास 20 मीटर, अर्थात् ताशीं 72 किलोमीटर, हा त्या वळणाचा परमवेग झाला. चालक कितीहि धाडसी असला, तरी हा आंकडा त्यास बदलतां येत नाहीं. मात्र रस्त्याच्या बाहेरच्या कडेनें येऊन, मध्यावर आंतली कड शिवून, पुन्हां बाहेरच्या कडेस निघाल्यास गाडीच्या वाटेची त्रिज्या वाढते. शर्यतींतले चालक असें कां करितात याचें इंगित हेंच होय.

आतां अशीं दोन वळणें असून त्यांच्यामध्यें 300 मीटरांचा सरळ रस्ता आहे असें समजा. आपली मोटार सेकंदास सेकंदास 5 मीटर या दरानें वेग वाढविते आणि ब्रेक लाविले असतां 10 मीटर या दरानें कमी करिते. पहिल्या वळणांतून ती 20 मीटरांच्या वेगानें निघते व दुसऱ्या वळणांतहि तिला 20 मीटरांच्याच वेगानें शिरावयाचें आहे. ब्रेक कोठें लावावे? वेग वाढविण्याचें अंतर व कमी करण्याचें अंतर मिळून 300 मीटर भरले पाहिजेत. समीकरण मांडल्यास उत्तर येतें कीं, 200 मीटर वेग वाढवावा आणि उरलेल्या 100 मीटरांत तो उतरवावा. त्या सीमेवर वेगाचा वर्ग 2400 होतो. म्हणजे वेग सेकंदास सुमारें 49 मीटर, ताशीं 176 किलोमीटर. वेग वाढविण्यास 5.8 सेकंद, उतरविण्यास 2.9 सेकंद, एकूण 8.7 सेकंद.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. त्याच मोटारीचे ब्रेक निम्मे दुर्बल, म्हणजे 5 मीटरांच्या दराचे, असते तर काय झालें असतें? तिला 150 मीटरांवरच ब्रेक लावावे लागले असते, आणि तोच रस्ता कापण्यास सुमारें 9.4 सेकंद लागले असते. असे दहा सरळ तुकडे असलेल्या मार्गावर सात सेकंदांहून अधिक घाटा! ब्रेक हे गाडी मंद करण्यासाठीं असतात हें खरें. परंतु ज्याचे ब्रेक उत्तम, तोच जलद जाऊं शकतो.

याची दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. समजा, चालकानें 200 ऐवजीं 220 मीटरांवर ब्रेक लाविले. उशीर अवघ्या 20 मीटरांचा. त्या वेगानें तें अंतर अर्ध्या सेकंदांतहि सरतें. परंतु वळणाच्या तोंडाशीं त्याचा वेग ताशीं 72 नसून सुमारें 114 किलोमीटर राहतो, आणि वळण्यासाठीं असलेल्या पकडीच्या अडीचपट पकड लागते. ती कोठून आणणार? अर्धा सेकंद वांचविण्याच्या लोभानें सर्व शर्यत, कदाचित् प्राणहि, गमावण्याची वेळ येते.

संगणक हेंच गणित अधिक बारकाईनें करितो. प्रथम तो सर्व मार्गाचे थोड्या थोड्या मीटरांचे तुकडे पाडतो व प्रत्येक तुकड्याची वक्रता पाहून तेथील परमवेग लिहून ठेवितो. मग मार्गाच्या आरंभापासून पुढें जात, एंजिनाच्या बळावर प्रत्येक तुकड्यांत वेग कोठवर वाढेल हें काढितो. त्यानंतर तो शेंवटापासून उलट मागें येतो, आणि पुढच्या वळणासाठीं वेग वेळींच उतरावयाचा तर मागच्या तुकड्यांत तो जास्तींत जास्त किती असावा हें काढितो. या तीन आंकड्यांत जो सर्वांत लहान तो त्या तुकड्याचा खरा वेग. तुकड्याच्या लांबीस वेगानें भागून आलेल्या वेळांची बेरीज केली कीं फेरीचा काल मिळतो. दिल्लीजवळील बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्गाची लांबी 5.125 किलोमीटर असून त्यांत 16 वळणें आहेत. 2011 सालीं तेथें झालेल्या पहिल्या भारतीय ग्रां प्रीमध्यें सेबास्टियन फेटल यानें शर्यतींतील सर्वांत जलद फेरी 1 मिनिट 27.249 सेकंदांत केली; सरासरी वेग ताशीं सुमारें 211 किलोमीटर पडतो. अशा फेरीशीं ताडून पाहिल्यावरच गणित किती खरें उतरलें हें कळतें.

पकडीचा आंकडा कोठून मिळतो, असें कोणी विचारील. त्यासाठीं एक सोपी परीक्षा आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः लहान शर्यती मोटारी बांधून ज्या स्पर्धांत उतरतात (कोइमतूरची फॉर्म्युला भारत ही त्यांपैकींच होय), तेथें मोटार इंग्रजी आठाच्या आंकड्याप्रमाणें आंखलेल्या दोन वर्तुळांतून फिरवितात. आंतल्या वर्तुळाचा व्यास 15.25 मीटर व वाटेची रुंदी 3 मीटर असते. मोटार वाटेच्या मध्यावरून जाते असें धरल्यास त्रिज्या 9.125 मीटर झाली. एका वर्तुळास 5 सेकंद लागले, तर वेग सुमारें 11.5 मीटर व वळणाचा प्रवेग सुमारें 14.4 मीटर निघतो. दोरी, घड्याळ आणि भागाकार एवढ्यावर टायरची पकड मोजून झाली!

अर्थात् या गणितासहि मर्यादा आहेत. पकड एकच असते. ती वळण्यांत आणि ब्रेकांत वांटून घ्यावी लागते. ही वांटणी साध्या बेरजेची नसून पायथागोरसच्या सिद्धांताची आहे: पकडीचे सहा दशांश वळण्यांत खर्च झाले, तर ब्रेकांसाठीं आठ दशांश उरतात, कारण सहाचा व आठाचा वर्ग मिळून दहाचा वर्ग होतो. शिवाय वेगवान् मोटारीचे पंख वाऱ्याच्या बळावर तिला जमिनीवर दाबतात, त्यामुळें पकड वेगाबरोबर वाढते. टायर तापले, झिजले कीं ती पालटते. आणि चालक हा मनुष्य आहे; प्रत्येक फेरींत तो त्याच इंचावर ब्रेक लावील असें नाहीं. म्हणून गणितानें बहुधा काय साधणें शक्य आहे तें कळतें. काय घडेल तें मार्गावरच ठरतें.

आपल्या तालुक्यांत शर्यतीचा मार्ग नाहीं, मग हें गणित आपणांस कशाला, असें कोणी म्हणूं नये. पावसाळ्यांत ओल्या रस्त्यावर पकड निम्मी झाली, तर वर सांगितलेल्या 40 मीटर त्रिज्येच्या वळणाचा परमवेग 72 वरून 51 किलोमीटरांवर येतो. साध्या गाडीचे ब्रेक कोरड्या रस्त्यावर 7 मीटरांचा दर देतात असें धरल्यास, ताशीं 40 च्या वेगानें चाललेली गाडी ब्रेक लागल्यावर सुमारें 9 मीटरांत थांबते; 80 च्या वेगाची 35 मीटरांत. वेग दुप्पट, अंतर चौपट. ओल्या रस्त्यावर तेंच 70 मीटर. आणि धोका दिसून पाय ब्रेकावर जाईपर्यंत जें अंतर सरतें तें वेगळेंच.

उताराचीहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. ब्रेक वेग नाहींसा करीत नाहींत. ते त्याची उष्णता करितात. हजार किलो वजनाची गाडी 500 मीटर उंचीचा घाट उतरली म्हणजे सुमारें 49 लाख जूल ऊर्जा कोठें तरी गेलीच पाहिजे. ती सर्व ब्रेकांवर पडली तर ते तापून त्यांची पकड सुटूं लागते. एस्. टी. चा जाणता चालक घाट उतरतांना खालचा गिअर घालतो तो याचसाठीं; एंजिनच गाडीस आवरून धरतें व ब्रेक ऐन वेळेसाठीं थंड राहतात. त्यानें हीं समीकरणें मांडलीं नसतील, पण त्यांचें उत्तर त्यास अनुभवानें ठाऊक असतें.

सुट्टीच्या दिवशीं राजगड-तोरण्याकडे मोटारसायकली भरधांव नेणाऱ्या तरुणांनीं एवढें तरी मनांत बाळगावें. वळणाचा वेग ठरवितात त्याची त्रिज्या आणि रस्त्याची पकड. आपली हिंमत त्या समीकरणांत कोठेंच येत नाहीं. शर्यतीच्या मार्गावर चुकलेल्यासाठीं वाळूचे पट्टे व टायरांच्या भिंती मांडून ठेविलेल्या असतात. घाटांत वळणापलीकडे दरी असते, किंवा समोरून डोक्यावर मोळी घेऊन कोणाची तरी आई येत असते. ज्यानें पुढचें वळण ओळखून मागूनच आपला वेग आंखला, तोच शर्यतींत पुढें जातो, आणि तोच घाटांतून सुखरूप घरीं येतो.