शीतपेयांवरचा कर गरिबांवर अन्याय करतो का?

गोड शीतपेयांवर कर लावायचे म्हटले की, त्याचा भुर्दंड गरिबांनाच, हा आक्षेप येतोच. अर्थशास्त्रात अशा कराला प्रतिगामी कर (उत्पन्न जितके कमी, तितका त्यातला मोठा हिस्सा घेणारा कर) म्हणतात. बसचे तिकीट मजुराला आणि साहेबाला सारखेच, पण मजुराला ते जड जाते, तसेच हे. आक्षेपात तथ्य आहे. चूक होते ती पुढे: असा कर प्रत्येक बाटलीवर सारखाच बसणार, असे आपण गृहीत धरतो.

ब्रिटनने २०१६ मध्ये कर जाहीर केला आणि एप्रिल २०१८ पासून लावला, तोही कंपन्यांवर आणि साखर मोजून. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नाही. ५ ते ८ ग्रॅमपर्यंत लिटरमागे १८ पेन्स, त्यापुढे २४, असे सुरुवातीचे दर होते. मधल्या दोन वर्षांत बऱ्याच कंपन्यांनी साखरच घटवली. स्कॉटलंडच्या लाडक्या ‘आयर्न-ब्रू’मध्ये १०० मिलिलिटरला १० ग्रॅमहून जास्त साखर असायची, ती ५ ग्रॅमच्या खाली आली. पिणाऱ्याच्या पोटात निम्म्याहून कमी साखर जाऊ लागली, आणि त्या बाटलीवर कर एका पेनीचाही नाही.

भारतात सप्टेंबर २०२५ पासून अशा फसफसत्या गोड पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे. पण तो साखर मोजत नाही. ‘डाएट’ पेयालाही तोच दर. कंपनीने साखर कमी केली तरी तिचा कर रुपयानेही घटत नाही. अन्याय शोधायचाच, तर तो मला इथे दिसतो.