मधल्या सुट्टीत काय घडते?

दिवसा चुकून उघड्यावर आलेल्या घुबडाला कावळे कसे घेरतात, हे अनेकांनी पाहिले असेल. पक्ष्यांच्या अशा सामूहिक हल्ल्यासाठीचा ‘मॉबिंग’ हा शब्द कोनराड लोरेंझ यांच्या लेखनातून घेऊन स्वीडनमधील डॉक्टर हाइनेमान यांनी शाळेच्या पटांगणावर आणला. त्यांचे पुस्तक १९७२चे.

उपमा बोलकी, पण फसवी. कावळे थोड्या वेळाने उडून जातात. दान ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने नेमके यावर बोट ठेवले. शाळेतला त्रास म्हणजे झुंडीची क्षणिक उसळी नव्हे. अनेकदा एक-दोन मुलेच त्याच मुलाला महिनोन् महिने गाठत असतात. इजा करण्याचा हेतू, पुनरावृत्ती आणि बळाची विषमता या खुणा त्यांनी सांगितल्या. मला तिसरी सर्वांत महत्त्वाची वाटते. तुल्यबळांचे भांडण हे भांडणच. ते उद्या मिटते.

आपली अडचण शब्दांपासून सुरू होते. ‘चिडवणे’ फार हलके, ‘छळ’ फार जड, आणि ‘दादागिरी’ म्हटले की मारामारीच डोळ्यांपुढे येते. डबा खाताना कोणी शेजारी बसूच न देणे, याला ‘वाळीत टाकणे’ हा नेमका शब्द आपल्याकडे आहे. गावकीतल्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६मध्ये कायदाही केला. शाळेतल्या बाकासाठी मात्र तो शब्द आपल्याला सुचत नाही.

१९८२च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सहाध्यायांचा जाच हे त्यामागचे संभाव्य कारण होते. पुढच्याच वर्षी तिथे देशव्यापी मोहीम सुरू झाली. बर्गनच्या ४२ शाळांत ओल्वेउस यांनी मुलांकडून निनावी प्रश्नावली भरून घेतली. निनावी अशासाठी, की मूल सहसा सांगत नाही. ‘माझंच काहीतरी चुकत असेल’, असे त्याला वाटत असते.

घरी दिसतात त्या आडवळणाच्या खुणा. रविवारी संध्याकाळी सुरू होणारी आणि दिवाळीच्या सुट्टीत बेपत्ता होणारी पोटदुखी. तिसऱ्यांदा ‘हरवलेली’ कंपासपेटी. घरी आल्याबरोबर दप्तर टाकून संडासाकडे धाव, कारण शाळेतल्या स्वच्छतागृहात शिक्षक नसतात. यांतली एखादी खूण अगदी निरुपद्रवी असू शकते. दोन-तीन एकत्र आल्या आणि टिकून राहिल्या, तर विचारावे.

‘कोणी त्रास देतं का?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते. त्यापेक्षा ‘आज डबा कुणाबरोबर खाल्लास?’ हे विचारून पाहावे. उत्तर रोज ‘एकटाच’ असेल, तर वर्गशिक्षकांना भेटावे, पण मुलाला आधी सांगून.