खाणीचा धूर आणि आपली खातेवही

श्रावकास वर्ज्य सांगितलेल्या १५ कर्मादानांत भूमी खणण्याचे स्फोटकर्म येते. आपण खाण चालवीत नाही. तथापि आपल्या पेढीवरील विजेत कोळशाचा मोठा वाटा आहे.

खाणीत तापवर्धक वायू मुख्यतः तीन वाटांनी सुटतात: डंपरांचे डिझेल, यंत्रांची वीज आणि थरांतील मिथेन. एक लिटर डिझेल वजनाने किलोहून कमी. परंतु जळताना हवेतील प्राणवायू घेऊन त्याचा सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. चंद्रपूरजवळील भटाळी खाणीचा कोळसा बंद पट्ट्यावरून वीजकेंद्राकडे नेण्याची व्यवस्था झाली. तितक्या ट्रकांच्या फेऱ्या वाचतात.

मात्र ही बचत वाहतुकीपुरती; मुद्दल भट्टीतच जळते. यास्तव सभासदबंधूंनी गोदामांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवून कोळशाची मागणीच घटवावी, ही नम्र विनंती.