विमानातील संगणकाची भाषा

अनेक आधुनिक विमानांत वैमानिकाचा हात आणि पंखांवरील हलत्या फळ्या यांना जोडणारी पोलादी तार आता उरलेली नाही. तिच्या जागी संगणक आला आहे. वैमानिकाने दांडा ओढला की संगणक ती आज्ञा वाचतो, हिशेब करतो आणि मगच फळी हलते. तेव्हा हा हिशेब कोणत्या भाषेत लिहावा, हा केवळ पंडितांच्या वादाचा विषय नव्हे.

१९७० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्यात अशा शेकडो भाषा प्रचारात होत्या. त्या गोंधळाला कंटाळून खात्याने स्पर्धा मांडली आणि १९७९ साली झाँ इश्बिया या फ्रेंच तज्ज्ञाच्या चमूने रचलेली भाषा निवडली. कवी बायरनच्या कन्येवरून तिला ‘एडा’ हे नाव मिळाले. ही भाषा कडक शिस्तीची. अंतराचा आकडा आणि वेगाचा आकडा असे वेगळे प्रकार एकदा ठरवून दिले, की त्यांची बेरीज ती होऊ देत नाही. भाषांतराच्या वेळीच हरकत घेते. ‘सी’ भाषा याबाबत बरीच उदार आहे, आणि विमानात असले औदार्य महागात पडते. बोइंग ७७७ या विमानातील पुष्कळसे आज्ञालेखन एडामध्येच झाले.

मात्र ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून उडालेले एरियान-५ हे अग्निबाण चाळीस सेकंदांच्या आतच कोसळले, आणि त्याचेही आज्ञालेखन एडामध्येच होते! बाणाची दिशा सांगणाऱ्या उपकरणातील एक भाग जुन्या एरियान-४ वरून जसाच्या तसा उचललेला होता. नव्या बाणाचा आडवा वेग पुष्कळ अधिक. त्यावरून निघालेली संख्या ३२,७६७ या कमाल मर्यादेच्या खणात मावेना. असे धोक्याचे आकडे सात होते. संगणकावरील भार वाढू नये म्हणून त्यांपैकी चारांनाच संरक्षण दिलेले होते. नवल असे की, चूक घडताच ती पकडली गेली. परंतु चूक दिसताच उपकरणाने काम थांबवावे, असा नियम रचनाकारांनीच घातला होता. जोडीचे राखीव उपकरण याच आज्ञांवर चालत असल्याने क्षणभर आधीच बंद पडले होते. त्यातही कहर म्हणजे, तो हिशेब नव्या बाणाला उड्डाणानंतर मुळी लागतच नव्हता.

विमानांच्या आज्ञालेखनाची ‘डीओ-१७८’ ही नियमावली म्हणूनच कोणत्याही एका भाषेचा आग्रह धरीत नाही. ती पुरावा मागते. ज्या दोषाने विमानच गमावेल अशा भागात, निर्णयातील प्रत्येक अट स्वतंत्रपणे निकाल बदलू शकते, हे चाचणीने दाखवावे लागते. एफ-३५ या लढाऊ विमानासाठी ‘सी++’ भाषा घेतली गेली. पण तिच्यासोबत २००५ साली निर्बंधांचे जाडजूड पुस्तकही आले, आणि त्या भाषेतील कित्येक सोयी त्यात सरळ निषिद्ध ठरविण्यात आल्या.