माळावरचे लावे

सिन्नर मागे टाकून येवला-नांदगावच्या बाजूला निघालं की द्राक्षबागा विरळ होत जातात आणि बोरी-हिवरांचे, खुरट्या गवताचे दगडाळ माळ लागतात. अशा माळावर चालताना एखाद्या झुडपातून एकाएकी फर्रर्र आवाज होतो आणि दहा-बारा पक्षी अगदी पायाशेजारून चहूकडे उधळतात. थोड्या अंतरावर ते पुन्हा गवतात उतरतात, आणि धोका टळला की हलक्या शिळा घालत एकमेकांना गोळा करतात.

हे लावे. तितराचे धाकटे भाऊबंद, जेमतेम वीतभर. यांच्या ‘पर्डिक्युला’ या प्रजातीत अवघ्या चार जाती आहेत आणि चारही मुख्यतः भारतीय उपखंडातल्याच. मणिपुरी लावा ईशान्येकडच्या उंच गवतात राहतो. बाकी तिन्ही महाराष्ट्रात सापडतात. त्यांतल्या दोन जातींचं वर्णन विल्यम साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८३२ मध्ये दख्खनमधल्या पक्ष्यांवरूनच प्रसिद्ध केलं.

प्रत्येकाने आपली जमीन निवडलेली आहे. लाल चोचीचा, देखणा लावा सह्याद्रीच्या दमट डोंगरउतारांवर. रानलाव्याला जरा दाट झाडोरा लागतो. खडकी लावा मात्र कोरड्या, उघड्या माळाचा. या शेवटच्या दोघांच्या नराच्या छातीवर काळे-पांढरे आडवे पट्टे असतात. गवताच्या सावलीत ते असे मिसळून जातात, की समोर बसलेला पक्षीही दिसत नाही. रात्री सारा घोळका जमिनीवरच अंगाला अंग लावून गोल बसतो, तोंडं बाहेरच्या बाजूला. कुठूनही चाहूल लागली की सगळे एकदम उडतात.

घरटं म्हणजे गवताच्या बुडाशी उकरलेला खळगा. त्यात चार ते आठ अंडी. ती उबवायची मादीनेच.

अशा पक्ष्याला फासापेक्षा आता नांगर आणि जेसीबी जास्त भोवतात. लावा पकडणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे; हॉटेलांत मिळतात ते फार्मवर वाढवलेले जपानी लावे. पण माळ आपल्या लेखी पडीक. तो सपाट करून शेत काढलं जातं, नाहीतर चर खोदून सरसकट झाडं लावली जातात. हेतू चांगला असला तरी गवताच्या आसऱ्याने जगणाऱ्या पक्ष्याचं घर त्यात जातं. येवला तालुक्यात ममदापूरच्या आसपास काळविटांसाठी गवताळ माळ राखला आहे. असं राखीव गवत सिन्नर-नांदगावच्या माळांवरही हवं, आणि निदान विणीच्या दिवसांत तरी तिथे यंत्रं फिरू नयेत.